गाडी डीगला वळवा

उत्तर भारताच्या सहली आखणाऱ्या तमाम मराठी सहल-आयोजकांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमची जुनी गिऱ्हाईक. कुणा एकाची नाही, आलटून पालटून तुमच्यापैकी बऱ्याच जणांची. तुम्ही दिलेल्या चार टोप्या आणि तीन सॅका आजही माझ्या कपाटात आहेत. परमुलखात पहाटे साडेपाचला दारावर टकटक करून आल्याचा चहा देणारी माणसं तुमची आणि रात्री नऊला वाफाळता वरणभात वाढणारीही तुमचीच. तेव्हा हे पत्र निव्वळ तक्रारीचं आहे असं समजू नका. थोडी तक्रार आहे, ती आधी सांगून मोकळी होते.

मागच्या फेब्रुवारीत दिल्ली, मथुरा, आग्रा, जयपूर अशी आठ दिवसांची सहल केली. कुणाबरोबर ते सांगत नाही. तुम्हा सगळ्यांचे कार्यक्रम इतके सारखे असतात, की वरचं नाव झाकलं तर आपला कागद कोणता हे तुम्हालाही ओळखता येणार नाही. त्यात आग्र्याला संगमरवराच्या कारखान्यात दीड तास होता. जयपूरला रजयांच्या दुकानात एक तास आणि खड्यांच्या दुकानात ‘फक्त पंधरा मिनिटं’, जी जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत चालली. आग्र्याहून जयपूरला जाताना भरतपूरजवळ एका ढाब्यावर पाऊण तास गाडी थांबली. त्या भरतपूरपासून उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर डीग आहे. कागदावर त्याचं नाव नव्हतं. मी दिल्लीतच विचारलं होतं, तर मॅनेजर (गुणी मुलगा हो, सगळ्यांची औषधं लक्षात ठेवायचा) म्हणाला, “मावशी, तिथे काय आहे?”

बसमध्ये अंताक्षरी रंगात आली होती, त्यामुळे त्याला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देते.

मथुरेच्या मुक्कामात ‘मोकळा दिवस’ होता. मोकळा म्हणजे पेढे आणि कृष्णाच्या मूर्ती घ्यायला. मी आणि माझी थोरली बहीण, वय वर्षं बहात्तर, अशा दोघींनी टॅक्सी ठरवली. ‘स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत’ असं आमच्याकडून लिहून घेतलं गेलं. ताईने सही केली आणि वर तारीख-वेळही टाकली. जन्मभर सरकारी कचेरीत काढलेली बाई ती.

मथुरेहून डीग साधारण चाळीस किलोमीटर. वाटेत गोवर्धन लागतं. तिथे परिक्रमेला निघालेले लोक अनवाणी चालत असतात, काही जण दंडवत घालत घालत जातात, आणि माकडं डोळ्यांवरचा चष्मा क्षणात पळवतात. ताईने चष्मा पर्समध्ये ठेवला आणि गोवर्धन पर्वत अंधुक पाहिला. तिथून राधाकुंडाच्या वाटेवर कुसुम सरोवर आहे. तिथे आम्ही थोडी वाकडी वाट केली, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचा नायक तिथे आहे. भरतपूरच्या राजा सूरजमलची ही छत्री. डिसेंबर १७६३ मध्ये दिल्लीजवळ नजीबखानाच्या रोहिल्यांशी लढताना तो पडला. त्याचा मुलगा जवाहरसिंह याने ती बापाच्या आठवणीसाठी बांधली. नजीबखान म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारायला हवेत. आपला जो वैरी, तोच त्याचाही.

गोवर्धन सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी. फेब्रुवारीत ती अशी पिवळीधम्मक असते की गाडीच्या टपाच्या आतल्या बाजूलाही पिवळा उजेड पडतो. मग एक गजबजलेलं, धुळीचं, ट्रॅक्टरांनी भरलेलं गाव येतं आणि तुम्हाला वाटतं, फसलो. गाडी बाजारातून वळते, सिंहांची चित्रं कोरलेला सिंहपोळ दरवाजा दिसतो, तिकीट काढून आत पाऊल टाकता आणि आवाज बंद होतो.

हा भरतपूरच्या जाट राजांचा उन्हाळी वाडा. बदनसिंहाने डीगला राजधानी केली, त्याचा मुलगा सूरजमल याने किल्ला बांधला आणि पुढे हे महाल उठवले. एकच अवाढव्य राजवाडा असं त्याचं रूप नाही. मधोमध चौकोनी बाग, पाण्याचे पाट तिचे चार भाग करतात, आणि बागेच्या चारी बाजूंना वेगवेगळी भवनं: पश्चिमेला गोपाल भवन, उत्तरेला नंद भवन, दक्षिणेला किशन भवन आणि संगमरवरी सूरज भवन, पूर्वेला केशव भवन. गोपाल भवनाच्या मागे गोपालसागर, केशव भवनाच्या पलीकडे रूपसागर, म्हणजे बागेच्या दोन अंगांना दोन तलाव. बहुतेक बांधकाम बन्सी पहाडपूरच्या पिवळसर दगडात आहे. अयोध्येच्या राममंदिराला वापरलेला दगडही त्याच खाणींचा. या दगडाला सकाळी साईचा रंग असतो आणि दुपारनंतर मधाचा.

आग्र्याचा किल्ला पाहताना मान वर करावी लागते. इथे मान सरळ राहते. सगळं माणसाच्या उंचीला धरून आहे, आणि दुहेरी छज्ज्यांची सावली इतकी खोल पडते की दुपारच्या उन्हातही आतली फरशी गार. मोगलांची चारबाग त्यांनी घेतली, बंगाली वळणाची छपरं घेतली आणि त्यातून जे केलं ते मला तरी मोगलांपेक्षा घरगुती वाटलं. ताई म्हणाली, “इथे राहता येईल गं.” ताजमहालात तिच्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. तिथे निघणारही नाही म्हणा, ती कबरच आहे.

गोपाल भवनाची गंमत मागच्या बाजूने कळते. बागेतून पाहिलं तर ते तुमच्या पायांच्या पातळीवर उभं आहे, आणि तलावाच्या काठावर जाऊन पाहिलं तर त्याचे खालचे मजले पाण्यात उतरलेले दिसतात, जणू होडी किनाऱ्याला लावली आहे. दोन अंगांना पालखीच्या छपराची दोन छोटी भवनं आहेत, सावन आणि भादों. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो. पण पावसाची ओढ तीच.

आणि या सगळ्या वाड्याची ओढ पावसाचीच आहे. हे लोक राहायचे कोरड्या मुलखात, तेव्हा राजाने हुकमी पाऊस बांधून घेतला. किशन भवनाच्या बाजूला, छतावर, एक प्रचंड टाकी आहे. विहिरींतून बैलांच्या मोटांनी पाणी काढून ती भरायची. भरायला आठवडा लागायचा, रिकामी व्हायला काही तास. टाकीच्या भिंतीला ओळीने भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाची नळी बागेतल्या कारंज्यांकडे गेलेली. पंप नाही, यंत्र नाही, फक्त उंची. पाणी वरून खाली येतं ते आपल्याच वजनाने पुन्हा वर उडतं. कारंजी शेकड्यांनी आहेत. सण असला की त्या भोकांत रंगाच्या पुरचुंड्या बसवायच्या, म्हणजे एका ओळीतून गुलाल उसळायचा, दुसरीतून केशर. केशव भवनाच्या छतात जड गोळे ठेवलेले असत. पाण्याच्या जोराने ते घरंगळले की ढगांचा गडगडाट ऐकू यायचा आणि कमानींवरून पागोळ्या गळायच्या. जेठाच्या उन्हात बसल्या जागी आषाढ!

हे सगळं आज रोज चालू नसतं. कारंजी वर्षातून मोजकेच दिवस, ब्रजच्या होळीच्या उत्सवासारख्या प्रसंगी, सोडतात. आम्ही गेलो तेव्हा पाट कोरडे होते आणि त्यांत वाळकी पानं होती. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. कोरड्या पाटात वाकून बघता येतं की तळाचा दगड कसा कोरला आहे, कारंज्याची तोंडं किती किती अंतरावर आहेत. माळीबाबांनी आम्हाला वाकलेलं पाहिलं आणि टाकीची गोष्ट दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा हातवारे करून. तुमच्या दीड तासाच्या हिशेबात माळीबाबा बसणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर लिहिते आहे.

गोपाल भवनाच्या आत घरसामान तसंच ठेवलं आहे, कारण राजघराण्याचा या वाड्यात वावर अगदी विसाव्या शतकापर्यंत होता. छताला टांगलेले पंखे, पेंढा भरलेला वाघ, जुने सोफे, आणि एका दालनात घोड्याच्या नालेच्या आकाराचं बुटकं संगमरवरी मेज. त्याच्याभोवती मांडी घालून पंगत बसायची. परदेशी कोच आणि देशी पंगत एकाच छपराखाली. बाहेर बागेच्या तोंडाशी संगमरवरी हिंडोळ्याची कमान उभी आहे. ती दिल्लीच्या लुटीतून आली असं सांगतात. लुटीची म्हटल्यावर ताईने तिला हात लावला नाही. ती अशा बाबतीत कडक आहे.

एवढं सगळं असूनही मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. सुंदर वाडे या देशात पुष्कळ आहेत आणि आठ दिवसांत सगळे बसत नाहीत, हे मलाही कळतं. डीगची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपलं देणं आहे.

जरा मागे जाऊ. १७५४ साली मराठ्यांच्या फौजेने कुम्हेरच्या किल्ल्याला वेढा घातला. कुम्हेर म्हणजे भरतपूरहून डीगला जाताना वाटेत लागतं ते गाव. आत सूरजमल. बाहेर रघुनाथराव, मल्हारराव होळकर, जयाप्पा शिंदे. मार्च महिन्यात किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या गोळ्याने मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव गेला. त्याची बायको अहिल्याबाई तेव्हा तिशीच्या आत. ती सती निघाली होती, सासऱ्याने हात जोडून तिला थांबवलं. आज आपण महेश्वरचा घाट बघायला बसा भरभरून जातो, त्या घाटाची पहिली पायरी कुम्हेरला आहे असं मला वाटतं. मल्हाररावांनी सूरजमलचं डोकं उडवण्याची शपथ घेतली होती. पण सूरजमलच्या राणीने जयाप्पा शिंद्यांशी संधान बांधलं, मे महिन्यात तह झाला आणि वेढा उठला. कुम्हेरजवळ खंडेरावांची छत्री आजही आहे. आमची टॅक्सी परतताना तिथे थांबली, तर आसपास गुरं चरत होती आणि एकही मराठी अक्षर कानावर नव्हतं.

सहा वर्षांनी, १७६० साली, सदाशिवरावभाऊ अब्दालीवर चालून आले तेव्हा हाच सूरजमल त्यांना येऊन मिळाला. त्याने सल्ला दिला: बायकामुलं, बुणगे, अवजड तोफा मागे ठेवा, हवं तर माझ्या किल्ल्यांत ठेवा, आणि हलक्या फौजेनिशी गनिमी काव्याने लढा. भाऊंना तो पटला नाही. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतल्यावर पैशांच्या ओढीने लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवलं गेलं, तेही सूरजमलला रुचलं नाही. तो आपली फौज घेऊन निघून गेला. आपल्याकडच्या गप्पांत एवढंच राहिलं, की जाट ऐन वेळी सोडून गेला. चूक कुणाची, यावर अडीचशे वर्षं वाद चालू आहे आणि तो मी मिटवणार नाही. टॅक्सीवाला त्याच मुलखातला, तो म्हणाला, “भाऊ ने हमारे राजा की बात मान ली होती ना, तो बात कुछ और होती.” मी गप्प. ताई मागून म्हणाली, “त्याला सांग, आमच्याकडेही हेच म्हणतात.”

पण त्यापुढचं आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही. १४ जानेवारी १७६१. संक्रांत कोसळली. पानिपतावरून जे जिवंत सुटले ते दक्षिणेकडे पळत सुटले. उत्तरेतली थंडी, अंगावर धड कपडा नाही, मागे लुटारू, वाटेत गावकऱ्यांचीही भीती. दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर तोडून ही माणसं सूरजमलच्या मुलखात पोचली. ज्याच्या मुलखात आपण कुम्हेरला तोफा लावल्या होत्या त्याच्या. ज्याचा सल्ला धुडकावला होता त्याच्या. त्याने दारं उघडली. अन्न दिलं, पांघरुणं दिली, जखमांना औषधपाणी केलं आणि पुढे ग्वाल्हेरच्या वाटेला लावून दिलं. राणी किशोरीने या माणसांचं केलं ते तिकडे लोक अजून सांगतात. अब्दाली दिल्लीत बसलेला असताना पराभूतांना थारा देणं म्हणजे अंगावर संकट ओढून घेणंच होतं.

बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर जखमी होऊन डीगला आला आणि तिथेच गेला. तिशीही गाठली नव्हती त्याने. शनिवारवाडा बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण मस्तानी दरवाजा दाखवतो. तिचा मुलगा कुठे मेला, हे दाखवतो कुणाला?

पानिपतची बातमी सांगणारं ते सांकेतिक पत्र तुम्हाला आठवत असेलच: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरांची नावंही इतिहासात आहेत. मी डीगच्या बागेत बसले होते आणि माझ्या डोक्यात तो खुर्दा होता. गणती न झालेले. कुणी शागीर्द, कुणी आचारी, कुणी बैल हाकणारा, कुणाची तरी तीर्थयात्रेला म्हणून आलेली सासू. त्यातले जे वाचले त्यांना पोटभर अन्न पहिल्यांदा मिळालं ते या परिसरात. हे महाल त्या वर्षांत उभे राहत होते, म्हणजे विव्हळणाऱ्या माणसांच्या कानावर पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाजही पडत असेल. सूरजमलने बायकामुलं आपल्या किल्ल्यांत ठेवा म्हटलं होतं. शेवटी त्यातली काही आलीच तिथे, पण कशी अवस्था होऊन.

तुम्ही आता पानिपतला नेता. काळा आंब दाखवता, स्मारकापाशी सगळे ‘हर हर महादेव’ म्हणतात, बायका डोळे पुसतात. मीही पुसले. पण जिथे आपण मेलो तिथे जायचं आणि जिथे आपल्याला जगवलं त्याच्या पस्तीस किलोमीटर अलीकडे चहा पिऊन पुढे जायचं, हा हिशेब मला कळत नाही.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. कुम्हेरच्या वेढ्याला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा, १३ नोव्हेंबर १८०४ ला, डीगच्या किल्ल्याखाली इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांसमोर होती ती फौज यशवंतराव होळकरांची आणि किल्ल्यावरून तिच्या बाजूने तोफा डागत होते ते जाट. पन्नास वर्षांपूर्वी होळकरांचा मुलगा जाटांच्या तोफेने गेला, आणि आता जाटांच्या तोफा होळकरांसाठी! इंग्रजांचा जनरल फ्रेझर त्या लढाईत प्राणघातक जखमी झाला. डिसेंबरात लॉर्ड लेकने डीग घेतलं, मग यशवंतराव भरतपूरच्या आश्रयाला गेले आणि १८०५च्या सुरुवातीला लेकने भरतपूरवर केलेले चारही हल्ले परतवले गेले. तो किल्ला, त्याचा खंदक आणि त्यावरचा लाखा बुरूज वाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मात्र तिथे चढ आहे आणि सावली नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बागेत बसवून बाकीच्यांनी जावं. ताई बागेत बसली.

आता व्यवहाराचं बोलते. तुम्ही म्हणाल, वेळ कुठून आणू. क्रम बदला. दिल्लीहून आधी आग्रा करा, फत्तेपूर सिक्री आग्र्याच्या मुक्कामातच उरकून घ्या, मग मथुरा. मथुरेहून सकाळी साडेसातला निघालात की गोवर्धन करून साडेनऊपर्यंत डीग. एकपर्यंत डीग, मग कुम्हेरला दहा मिनिटं छत्रीपाशी, भरतपूरला जेवण आणि संध्याकाळी जयपूर. एक जास्तीचा मुक्कामही लागत नाही. लागतो तो संगमरवराच्या कारखान्याचा दीड तास, आणि त्यावर पाणी सोडायला माझी तरी ना नाही. तुम्हाला तिथून काय मिळतं हे आम्हाला कळत नाही असं नाही, आम्ही फक्त बोलत नाही. हवं तर डीगच्या दिवसाचे चार पैसे जास्त लावा.

शुक्रवार टाळा, तसाही त्या दिवशी ताज बंद असतो. पौर्णिमेच्या आसपास गोवर्धनचा रस्ता परिक्रमेच्या गर्दीने तुंबतो, गुरुपौर्णिमेच्या मेळ्यात तर तिकडे मोठी गाडी नेण्याचं नावच नको. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले, फेब्रुवारी त्याहून चांगला. जेवणाचे डबे बरोबर घ्या, तुमच्या आचाऱ्याला ते जमतं. फक्त बागेत पसरून बसू नका आणि द्रोण-पत्रावळी मागे टाकू नका.

तुमच्या मॅनेजरला ही गोष्ट पाठ करायला लावा. स्थानिक गाईड टाकीची आणि रंगीत कारंज्यांची गोष्ट छान सांगतो, पण कुम्हेर आणि पानिपत त्याच्या बाजूने सांगतो, जे योग्यच आहे. आपली बाजू आपल्या माणसाने बसमध्ये सांगावी, आणि सांगताना ‘जाटांनी दगा दिला’ इथे थांबू नये. खाली उतरल्यावर घोषणाही नकोत. ज्याच्या घरी आपण जेवलो त्याच्या अंगणात आपल्याच नावाचा जयजयकार बरा दिसत नाही.

बागेत मात्र सोडून द्या आम्हाला. ‘ह्या पॉइंटला वीस मिनिटं, त्या पॉइंटला पंधरा’ असं नको. शिट्टी नको. पाटाच्या कडेला बसू द्या, मोर असले तर मोर बघू द्या. आमच्या बसमध्ये पंचेचाळीस माणसं होती, त्यातल्या तिसांनी मोबाइलवर फोटो काढून दहा मिनिटांत ‘झालं का?’ विचारलं असतं, हे मी मान्य करते. उरलेल्या पंधरांसाठी हे पत्र आहे. त्यांच्यात एखादी बाई अशी निघेल की जिच्या घराण्यातलं कुणीतरी पानिपतावरून परत आलं होतं आणि कसं आलं हे घरात कुणालाच माहीत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी मथुरेला परतलो तेव्हा तुमच्या त्या गुणी मुलाने आमच्या परतीची वेळ वहीत लिहून घेतली आणि विचारलं, “मावशी, काय होतं मग तिथे?” ताईने चष्मा पर्समधून काढून लावला आणि म्हणाली, “बस, सांगते.” जेवणं झाली, भांडी आवरली, तरी तिचं चालू होतं. त्याने मध्येच वही उलटून मागच्या पानावर ‘डीग’ असं लिहिलेलं मी पाहिलं.

पुढच्या हंगामाची तुमची पत्रकं आली की मी सगळ्यात आधी मथुरेच्या खालची ओळ वाचणार आहे. ताईने टोपी धुऊन ठेवली आहे.

आपली,
डाव्या बाजूची, खिडकीकडची सीट